यॉर्क फॅक्टरी: कंपनी नव्वद वर्षं किनाऱ्यावर झोपली होती का?

कुतुबनुमा (धागाकर्ता)
यॉर्क फॅक्टरी ही कॅनडात हेज नदीच्या मुखाशी १६८४ साली उभारलेली हडसन्स बे कंपनीची वखार. सुरतेच्या इंग्रज वखारीसारखीच, फक्त कापडाऐवजी बीव्हर या पाण्याकाठच्या केसाळ प्राण्याची कातडी. कंपनी देशाच्या आत न शिरता गोठलेल्या समुद्राकाठी झोपा काढते, असा आरोप तिच्याच नोकरीत राहिलेल्या जोसेफ रॉबसनने १७५२ मध्ये केला. मला तो पटतो. १७३० नंतर फ्रेंच शोधक ला व्हेरांद्रीच्या आतल्या ठाण्यांनी गिऱ्हाईक वाटेतच गाठलं. मार्टन या लहान प्राण्याच्या कातड्यासारखा हलका, महाग माल तिकडे उतरायचा आणि जड बीव्हर तेवढं यॉर्कला यायचं. तरी कंपनी ढिम्म! कंबरलँड हाउस हे आतलं ठाणं उघडलं ते थेट १७७४ मध्ये.

दर्यावर्दी
असहमत. आत जायचं कशातून? बर्चच्या सालीच्या होडीला मोठं झाड लागतं, ते त्या किनाऱ्यावर वाढत नाही. ऑर्कनी बेटांवरून आणलेल्या नोकरांना ती होडी धड वल्हवताही येत नसे, बांधणं तर दूरच. जहाज वर्षातून एकदाच: जूनच्या सुमारास निघून ऑगस्टमध्ये पोचणार. मुखाशी पाणी उथळ, म्हणून काही मैल बाहेर नांगर टाकून माल लहान होड्यांतून आणायचा. सप्टेंबरात परत फिरलं नाही तर बर्फात अडकून अख्खं वर्ष गेलं.
याउलट क्री आणि असिनिबोइन या तिथल्या मूळनिवासी जमातींचे दलाल स्वतःच्या होड्यांतून, स्वतःच्या शिधावर माल दारात आणून देत. आतल्या वाहतुकीचा खर्च कंपनीला शून्य. असा धंदा कोण मोडेल?

कुतुबनुमा
दारात आणत, पण होडीत मावेल तेवढंच. परतीला बंदुका, किटल्या आणि घोंगड्या न्यायच्या, त्यालाही जागा हवी. जागा कमी म्हटल्यावर माणूस महाग केसाळ मालच निवडणार, आणि तो फ्रेंच वाटेतच घेत.

चामडेवाला
मालाच्या प्रतीबद्दल दोघेही बोलत नाही. बीव्हरच्या लोकरीचा नमदा करून टोप्या बनवणाऱ्यांना कोरं कातडं नव्हे, वापरलेलं हवं असे. केसाळ बाजू आत ठेवून वर्षभर अंगावर घातलेल्या झग्याचे वरचे राठ केस झडतात, खालची लोकर घामा-तेलाने मऊ पडते आणि तिचा नमदा चटकन जमतो. नुसतं वाळवलेलं कातडं आलं की राठ केस उपटण्याची मजुरी आली. असा झगा वखारीत तयार होत नाही, तो कुणीतरी वर्षभर घालावाच लागतो.

जंगलवाटा
हे सगळं ठीक, पण मुळात लूटच ना? बंदूक उभी करायची आणि तिच्या उंचीएवढी कातडी रचून घ्यायची.

चामडेवाला
ही दंतकथा आहे. हिशेबाचं परिमाण ‘मेड बीव्हर’, म्हणजे एक उत्तम हिवाळी कातडं. ३ मार्टनचं १ बीव्हर, ब्रँडीचा गॅलन ४ ला, यॉर्कला लांब बंदूक १४ च्या आसपास. १४ कातड्यांची चळत चार फुटी नळीला गाठत नाही. गोम वेगळीच होती: ठाण्याचा प्रमुख बंदुकीच्या दारूचं माप जरा हलकं भरायचा, ब्रँडीत पाणी घालायचा आणि ठरल्या दरापेक्षा जास्त कातडी घ्यायचा. ही वरकड कंपनीच्या वहीत वेगळी लिहिली जाई, आणि म्होरक्यांचे कोट, तंबाखू वगैरे आहेर तिच्यातून निघत. क्री म्होरके व्यापाराआधीच्या भाषणात ‘माप नीट भरा’ असं बजावत. भोळे नव्हते ते.

मोडीवाचक
हेन्ली हाउस विसरलात. हे ठाणं कंपनीने आल्बनी नदीवर आतल्या बाजूला १७४३ मध्ये उघडलं. स्थानिक बायका ठाण्यात ठेवून घ्यायच्या आणि त्यांच्या नातलगांना अन्न नाकारायचं, यातून १७५४-५५ च्या हिवाळ्यात कंपनीच्या तिथल्या माणसांचे मुडदे पडले. म्हणजे ‘आत जा’ हा सल्ला कंपनीने पाळून पाहिला होता.

दर्यावर्दी
+१. आणि १८२१ मध्ये मॉन्ट्रियलची नॉर्थ वेस्ट कंपनी विलीन झाली तेव्हा बंद झाला तो मॉन्ट्रियलचा लांब मार्ग. माल जाऊ लागला यॉर्कमधूनच. किनाराच जिंकला.

कुतुबनुमा
जिंकला, पण झोपून नव्हे. तोवर आत ठाण्यांची रांग झाली होती आणि साधारण ३ टन माल घेणारी लाकडी यॉर्क बोट आली होती. ती सालीच्या होडीसारखी खांद्यावर घेता येत नाही. धबधबा आला की माल उतरवायचा, ९० पौंडांचे गठ्ठे दोन-दोन पाठीवर घ्यायचे आणि रिकामी बोट ओंडक्यांवरून ओढायची. एवढं करायची तयारी १७३० मध्ये दाखवली असती तर सस्कॅचवान नदीवर फ्रेंचांना इतकं मोकळं रान मिळालं नसतं.