वजनापेक्षा कड बघा
नाणं टांकसाळीतूनच तसं निघालं की नंतर कोणी बदललं हे ओळखायला वजन करून बघा असं वर कोणीतरी लिहिलंय, पण सोनेरी स्टेट क्वार्टरला (क्वार्टर म्हणजे अमेरिकेचं पाव डॉलरचं नाणं, स्टेट क्वार्टरवर तिथल्या एकेका राज्याचं चित्र असतं) त्याचा काही उपयोग नाही, मुलामा इतका पातळ असतो की काटा साध्या क्वार्टरसारखाच ५.६७ ग्रॅमच्या आसपास दाखवणार. त्यापेक्षा कड बघा, साध्या क्वार्टरला तिथे तांब्याची लालसर रेघ असते, मुलाम्याखाली ती झाकली जाते. १९९९ ते २००८ मधे अमेरिकन टांकसाळीने ही नाणी काढली त्यात सोनेरी एकही नव्हतं, सोनं नंतर खाजगी कंपन्यांनी चढवलं, तेव्हा सोबतचं सर्टिफिकेट कितीही गुळगुळीत कागदावर असो, संग्राहकाच्या लेखी ते बिघडवलेलं नाणंच.

आणि नाणं दोन्हीकडे छापावालं असेल तर काठाच्या आतून भिंग फिरवा, एक नाणं पोखरून त्यात दुसरं बसवलेलं असतं, त्याचा गोल सांधा सापडतो. भाच्याकडच्या नाण्याचा तर नखालासुद्धा लागतो, आणि फरशीवर टाकलं की आवाजही बद्द येतो.