वरंधा घाटात माझं चाक घेऊन गेलेल्या दूधवाल्याला काय द्यावं?

किकमार:
प्रश्न साधा आहे, पण आधी किस्सा ऐका, नाहीतर उत्तरं भलतीकडे जातील.

जानेवारीत आजोळी महाडला निघालो होतो. ताम्हिणीने न जाता भोरवरून, कारण नीरा देवघरच्या पाण्याकडेने गाडी चालवायला मला आवडतं. गाडी २००९ची स्प्लेंडर. निघायला उशीर केला (दरवेळी करतो). शिरगाव मागे पडलं आणि वाघजाईच्या देवळाच्या अलीकडे मागचं चाक शेपूट हलवायला लागलं. उतरून बघतो तर टायर रिमला टेकलेला. मोबाईलला रेंज नाही, उजेड जेमतेम अर्धा तास. दोन गाड्या गेल्या. एकीने हॉर्न वाजवला. का, ते तिलाच ठाऊक.

मग फटफटत एक एम-एटी आली. दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन, खणाखण आदळत. पन्नाशीचा माणूस, डोक्याला मफलर. काय झालं वगैरे विचारलंच नाही. टायर दाबला, म्हणाला, "ट्यूब ग्येली." माझ्या टूलकिटमधला पत्र्याचा पाना बघून हसला आणि सुतळीने बांधलेले स्वतःचे पाने काढले. गाडी डबल स्टँडवर, ब्रेकचा रॉड सोडवला, अ‍ॅक्सल ठोकून काढला, चाक बाहेर. मग कॅन उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवले आणि कॅनच्या हुकाला माझं चाक बांधलं.

"कॅन बघा. कुठं उघडं आस्तंय बघून येतो."

दीड तास. पहिली पंधरा मिनिटं वाटलं, गेलं चाक. मग लक्षात आलं, त्याचे कॅन माझ्याकडे आहेत, तोही असाच विचार करत असेल. फरक इतकाच की एका चाकावर मला पळून जाता येणार नव्हतं. अंधारात एका कॅनचं झाकण उघडून वाससुद्धा घेतला. आंबूस, ओलसर. का घेतला विचारू नका.

आला तो नवी ट्यूब टाकून, आणि जुन्या ट्यूबमधून निघालेला बैलाच्या खुराला मारतात त्या पत्रीचा खिळा खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला. पंक्चरवाल्याचे ३२० झाले होते. मी पाचशेची नोट दिली, त्याने १८० मोजून परत केले. पेट्रोलचे तरी घ्या म्हटलं तर, "वाघजाईच्या दारात?" एवढंच बोलला. कॅन अडकवले, गेला. नाव विचारायचं राहिलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा जातोय. त्याला शोधायचंय. पैसे तो घेणार नाही, आणि मिठाईचा बॉक्स घेऊन दारात उभं राहायचं म्हटलं तर मलाच कसंतरी होतं. तुम्ही काय केलंत अशा वेळी?

जुनी_नळी:
मी आजवर काहीच परत केलेलं नाही, खोटं कशाला सांगू. पेट्रोल संपून किमान चार वेळा उभा राहिलोय. पूर्वी कुणीही थांबायचा, कार्ब्युरेटरची नळी उपसायचा आणि कॉक उघडून पाण्याच्या बाटलीत पाव लिटर सोडायचा. दोन मिनिटांचं काम. एप्रिल २०२०पासून बीएस-सिक्स हे प्रदूषणाचे नवे नियम आले, आता नव्या गाड्या बहुतेक इंजेक्शनवाल्या, कार्ब्युरेटर नसलेल्या. टाकीतून पेट्रोल काढायचं तर मेकॅनिक लागतो. मागच्या महिन्यात एका पोराला द्यायची इच्छा असून देता आलं नाही. शेवटी त्याच्या फूटरेस्टला पाय लावून पंपापर्यंत ढकलत नेला. तुमची स्प्लेंडर विकू नका, एवढाच सल्ला.

सासवडची_लेक:
हा पुरुषाचा किस्सा आहे, हे आधी मान्य करा. तुमच्या जागी मी असते तर थांबणाऱ्या प्रत्येकाला "भाऊ मागून येतोय" असं सांगितलं असतं. सांगितलंयसुद्धा.

दिवे घाटात क्लच वायर तुटली होती. सीताफळाचे क्रेट पोचवून परत चाललेला छोटा हत्ती थांबला. शेजारी त्याची बायको बसली होती, म्हणून मी खरं बोलले. ती खाली उतरली, मला म्हणाली, "तू बस पुढं," आणि स्वतः मागे रिकाम्या क्रेटवर बसून सासवडपर्यंत माझी गाडी हातांनी धरून आली. वर उरलेली सहा सीताफळं दिली, डोळे उघडलेली. मी काय देणार? तेव्हापासून सीताफळं त्यांच्याकडूनच घेते. घासाघीस करते, नाहीतर तिला संशय येईल.

कायद्याचं_बोला:
हॉर्न वाजवून गेलेल्याबद्दल: पुष्कळ लोकांना वाटतं, थांबलो आणि अपघात निघाला तर पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलंय. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. तुमच्या दूधवाल्याने ते न वाचताच पाळलं.

धार_काढणारा:
घरी दूध आहे म्हणून सांगतो. संध्याकाळी रिकामे कॅन घेऊन परतणारा माणूस म्हणजे घरी म्हशी वाट बघतायत. तुमच्या दीड तासाने त्याच्या गोठ्यात काय गोंधळ झाला असेल ते तुम्हाला कळणार नाही, आणि तो सांगणारही नाही. त्याला वस्तू देऊ नका. पायाने मारायचा एक चांगला पंप आणि अठरा इंची ट्यूब घ्या, वाघजाईपाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत तिथे ठेवायला सांगा. ज्याला लागेल तो वापरेल. टपरीवाल्याला हा माणूस माहीत असणारच. दूध तोही घेत असेल कुणाकडून तरी.

किकमार:
@सासवडची_लेक, मान्य. तो भाग माझ्या डोक्यातच आला नव्हता.

@धार_काढणारा, म्हशींचंही नव्हतं आलं. पंप घेतला, ट्यूब दोन घेतल्या. शनिवारी निघतोय, यावेळी सकाळी. एक सांगा, धार झाल्यावर डेअरीला निघायच्या आधी माणूस घरी साधारण किती वाजता सापडतो?