काटा अडला म्हणून ऑपरेशन वाया जात नाही

वर एकीने लिहिलंय, तीन आठवडे वजन हललं नाही, म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन वाया गेलं. ताई, माझ्या स्लीव्हला, म्हणजे पोट कापून लहान करायच्या ऑपरेशनला, दोन वर्षं झाली. दुसऱ्या महिन्यात माझाही काटा असाच रुसला होता. मी सकाळ-संध्याकाळ त्यावर चढायचे, शेवटी नवऱ्याने तो माळ्यावर टाकला. मग ब्लाउजला आतून टिपा मारत गेले, तेच माझं माप.

जड गेलं ते जेवण नव्हे, पंगत. पोटाचा साधारण 75-80 टक्के भाग काढलेला आणि काकू पानात पुरणपोळी वाढतायत! 'डॉक्टरांनी मना केलंय' एवढंच सांगायचं, खुलासे करत बसायचं नाही. आधी पनीर, अंडं किंवा घट्ट वरण; दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. चहा-बिस्किटांपासून मात्र जपा, ती अलगद उतरतात, किती खाल्ली कळतही नाही.

केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात, बहुतेकांचे परत येतात. बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या 'आता बरंय की' म्हणून मी सोडल्या होत्या. सहा महिन्यांत जिना चढताना धाप लागायला लागली, हिमोग्लोबिन निघालं 9. आता दर रविवारी आठवड्याची डबी भरून ठेवते.