मदत हवी आहे : वाचनालयातील संगणकांच्या देखभालीसाठी व्यक्ती निवडायची आहे, परीक्षा कशी घ्यावी?

नमस्कार.

दापोली तालुक्यातील समुद्राला लागून असलेल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा मी कार्यवाह आहे. आमच्याकडे ९ संगणक, १ लेझर प्रिंटर, १ राऊटर आणि सर्व संगणक राऊटरला जोडणारी पेटी म्हणजे १६ पोर्टचा १ स्विच आहे. स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणारी मुले, सातबारा काढायला येणारे शेतकरी आणि गणपतीत गावी आलेले चाकरमानी अशा सर्वांचे काम यावर चालते. या सगळ्याची देखभाल करण्यासाठी अर्धवेळ मानधनावर एक व्यक्ती नेमायची आहे. ७ अर्ज आले असून बहुतेकांनी एमएस-सीआयटी केलेले असल्याने प्रमाणपत्रावरून निवड करता येणार नाही. म्हणून परीक्षा घ्यायची आहे, आणि त्या परीक्षेविषयीच जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मागच्या वेळी मी एका मार्गदर्शक पुस्तकातून ५० बहुपर्यायी प्रश्न उतरवून काढले होते. रॅमचे पूर्ण रूप काय, १ बाइट म्हणजे किती बिट, कीबोर्ड हे इनपुट साधन आहे की आउटपुट, अशा धर्तीचे. ज्याला ४८ गुण मिळाले त्याची नेमणूक केली. पुढे मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या पावसात जवळच कुठेतरी वीज पडली आणि सर्व संगणकांवरचे इंटरनेट एकदम बंद झाले. त्या मुलाने विषाणूचा संशय घेऊन २ संगणक फॉरमॅट केले. त्यांपैकी एकावर पुस्तकांच्या देवघेवीची नोंद होती आणि तिची शेवटची प्रत जानेवारीतली होती. संध्याकाळी आमच्या शिपायाने सहज विचारले, "त्या पेटीवरचे हिरवे दिवे आज लागले नाहीत का?" स्विचचा अ‍ॅडॉप्टर जळला होता, एवढेच झाले होते. मुलगा प्रामाणिक होता, त्याला दोष देत नाही. प्रश्नपत्रिका मी काढली होती आणि तिने चुकीच्या गोष्टीची परीक्षा घेतली.

या वेळी प्रत्येक प्रश्न म्हणजे एक बिघाड असावा आणि उमेदवाराने "आधी काय पाहीन, मग काय, आणि का" हे सांगावे, असे ठरवले आहे. आतापर्यंत तयार केलेले प्रश्न असे आहेत :

एका संगणकावर इंटरनेट नाही आणि त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होतो. बाकीचे ८ व्यवस्थित चालू आहेत. यावरून काय समजते? माझ्या मते, त्या संगणकाने राऊटरकडे पत्ता मागितला, उत्तर आले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेतला, हे ज्याला कळते तो राऊटरला हात न लावता त्या एकाच संगणकाची केबल आणि स्विचवरचा पोर्ट बदलून पाहील.

दुसरा प्रश्न : रोज सकाळी एका जुन्या संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे गेलेले असते आणि बँकेचे संकेतस्थळ "सुरक्षित नाही" असे सांगते. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा बटण सेल संपला आहे आणि तारीख चुकल्यामुळे संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही, असे दोन्ही धागे जोडणारे उत्तर मला अपेक्षित आहे. सेल सीआर२०३२ या नावाने मिळतो हे ठाऊक नसले तरी चालेल, दुकानदाराला जुना दाखवला की तो देतो.

तिसरा : ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग (उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश) जाते, पण कोणतेही संकेतस्थळ नावाने उघडत नाही. चौथा : लेझर प्रिंटर युपीएसला जोडला की छपाई सुरू होताच युपीएस बंद पडतो. पाचवा : नवी १ टीबीची हार्ड डिस्क संगणकावर ९३१ जीबी दाखवते, दुकानदाराने फसवले का?

मला विचारायचे आहे ते असे. हे प्रश्न गावातल्या मुलांसाठी फार अवघड आहेत का? अर्धवट बरोबर उत्तराला गुण कसे द्यावेत? आणि चालू यंत्रणा न बिघडवता प्रत्यक्ष परीक्षा अर्ध्या तासात घेता येईल का?

प्रतिसाद, रत्नागिरीहून

कार्यवाह महोदय, प्रश्न अवघड नाहीत. पाचवा मात्र काढून टाकावा. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, हे पाठ करून सांगता येते आणि त्याचा दुरुस्तीशी संबंध नाही.

प्रत्यक्ष परीक्षेसाठी कामाचा डेटा नसलेला एक जुना संगणक वेगळा काढा आणि त्यात मुद्दाम ३ दोष ठेवा. रॅम स्लॉटमधून किंचित उचलून ठेवा, म्हणजे बीप वाजेल आणि पडदा काळा राहील. डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेचा, पत्ता हाताने चुकीचा भरा. मॉनिटरची केबल सैल करा. नंतर गप्प बसून पाहा. जो प्रथम विचारतो, "काल चालू होता का, मध्ये कोणी काही बदलले का?", त्याला मी तेथेच निम्मे गुण देईन. जो पॉवरची वायर न काढता कॅबिनेटमध्ये हात घालतो, त्याला परीक्षेतून लगेच उठवावे, मग त्याचे बाकीचे ज्ञान कितीही असो. एसएमपीएस (कॅबिनेटमधली वीज पुरवणारी पेटी) उघडायला निघणाऱ्यालाही तोच नियम, कारण वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते.

आपल्याकडचा एक प्रश्न अवश्य घालावा. पुस्तकांत स्थिर विद्युत टाळण्यासाठी मनगटपट्टी वापरण्यावर बराच भर असतो, पण ती भीती कोरड्या हवेत अधिक असते; आपल्या आषाढात खरा शत्रू खारा ओलसर वारा आहे. रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात, नेटवर्क पोर्टच्या पिनांवर हिरवट थर येतो, आणि महिनाभर बंद ठेवलेला संगणक गणपतीत सुरूच होत नाही. तेव्हा काय कराल, असे विचारा. पट्ट्या मऊ खोडरबराने अथवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे हे अर्धे उत्तर झाले. पावसाळ्यात प्रत्येक संगणक आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवणे हे उरलेले अर्धे, आणि ते सांगणारा उमेदवार मिळाला तर त्याला सोडू नका.

प्रतिसाद, वेंगुर्ल्याहून

वरील सूचनांशी सहमत आहे. माझ्याकडून दोनच गोष्टी.

पहिल्या प्रश्नात एक उणीव आहे. केबल पूर्ण निघालेली असेल तर विंडोज बहुधा "केबल जोडलेली नाही" असेच सांगते, १६९.२५४ दिसते तेव्हा दुसऱ्या टोकाशी काहीतरी जोडणी असते. म्हणून "केबल तपासीन" एवढ्या उत्तराला कमी आणि "आधी पोर्टवरचा दिवा पाहीन" याला जास्त गुण द्यावेत. आपल्या शिपायाने तेच केले होते!

दुसरे, नेटवर्कच्या केबलची कमाल लांबी १०० मीटर असते हे आकडा म्हणून विचारू नका. असे विचारा : अंगणापलीकडे १३० मीटरवर अभ्यासिकेची नवी खोली होणार आहे, तेथे इंटरनेट कसे न्याल? मध्ये स्विच ठेवून तांब्याची केबल माडांवरून नेईन म्हणणारा अंतराचा प्रश्न सोडवतो, पण विजेच्या कडकडाटात ती केबल दोन्ही इमारतींतली उपकरणे जाळू शकते. फायबर टाकीन, कारण काच वीज वाहत नाही, असे म्हणणारा कोकणात राहिलेला आहे हे ओळखावे. वायफाय म्हणणाऱ्याला जांभ्याच्या जाड भिंतींची आठवण करून द्यावी आणि तो पुढे काय सुचवतो ते ऐकावे.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. हार्ड डिस्कचा प्रश्न काढला आहे, १३० मीटरचा घातला आहे; योगायोगाने आमची अभ्यासिका खरोखरच अंगणापलीकडे होणार आहे. बॅकअपविषयी असा प्रश्न केला आहे : "देवघेवीच्या नोंदीच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली १ इमारतीबाहेर ठेवायची आहे. आपल्या गावात त्या कोठे ठेवाल, आणि प्रत चांगली आहे याची खात्री कशी कराल?" ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात छपरे उडालेली इथल्या प्रत्येकाने पाहिली आहेत, त्यामुळे "इमारतीबाहेर" याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. प्रत उघडून, त्यातील एखादी नोंद परत मिळवून पाहीन, असे जो म्हणेल त्यालाच पूर्ण गुण.

एक अडचण उरली आहे. अर्जदारांपैकी एक जण एसटी स्थानकाजवळ मोबाइल दुरुस्त करतो. त्याचा हात चांगला असल्याचे सगळे सांगतात, पण लिहिणे म्हटले की तो मागे सरतो आणि लेखी परीक्षेचे नाव काढताच अर्ज मागे घेतो म्हणाला. सर्वांची परीक्षा तोंडीच घेतली, उत्तरे मी व एका सदस्याने लिहून घेतली आणि गुण दोघांनी वेगवेगळे दिले, तर ते न्याय्य ठरेल का? देखभालीची नोंदवही तर त्याला पुढे लिहावीच लागेल, तेव्हा लेखी भाग अजिबात वगळावा की एका बिघाडाची चार ओळींची नोंद तेवढी लिहून घ्यावी, यावर अनुभवी मंडळींचे मत कळवावे. परीक्षा येत्या रविवारी आहे.