मदत हवी आहे: मांडवी-झुआरीत कायाकवरून मासेमारीसाठी स्वस्तातला फिश फाइंडर

खाडीकर
नमस्कार. प्लास्टिकची, वर बसायची कायाक आहे. फिरणं मांडवी, झुआरी आणि कुंभारजुवे कालव्यात, समुद्रात नाही. पाणी बहुतेक ठिकाणी 2 ते 8 मीटर. गळावर चणक आणि तामसो हवे आहेत. बजेट 20 हजार. गार्मिन स्ट्रायकर 4 घ्यावा, की दोरीला बांधून पाण्यात फेकायचा, मोबाइलवर चित्र दाखवणारा गोळा? भोक न पाडता ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा भाग) बसतो का? बॅटरी केवढी लागेल?

गळवाला
स्ट्रायकर 4 बजेटमध्ये मिळत असेल तर तोच घ्या, कारण त्यात जीपीएस आहे.

मात्र हे यंत्र मासा दाखवेल या आशेवर घेऊ नका. 200 किलोहर्ट्झला ध्वनीच्या झोताचा कोन साधारण 15 अंश, म्हणजे 4 मीटर पाण्यात तळाचा जेमतेम 1 मीटर रुंद गोल दिसतो. 77 किलोहर्ट्झला 45 अंश, तेव्हा तोच गोल सव्वातीन मीटरचा. इतक्या उथळ पाण्यात कायाकची चाहूल लागली की मासा बाजूला होतो. तुम्हाला वाचायचा आहे तो तळ. तळाची रेघ जाड आणि ठळक असेल, दुप्पट खोलीवर तिचीच पुसट दुसरी रेघ उमटत असेल, तर खाली खडक किंवा शिंपल्यांचा थर आहे. रेघ पातळ, विझल्यासारखी असेल तर चिखल. पुलाच्या खांबामागे प्रवाहाने खणलेला खड्डा, मानशीबाहेरची (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराबाहेरची) खोलगट जागा, चिखल संपून खडक सुरू होतो ती कड: चणक आणि तामसो अशाच ठिकाणी दबा धरतात. तिथे वेपॉइंट (जीपीएसवर जागेची खूण) मारा आणि खोलीसोबत भरती होती की ओहोटी तेही टिपून ठेवा. उधाणाला इथे पाणी 2 मीटरहून जास्त चढतं-उतरतं, त्यामुळे आजचा 6 मीटरचा खड्डा परवा 4 मीटरचा दिसेल.

फिश आयडी, म्हणजे पडद्यावर माशाची चित्रं दाखवायची सोय, पहिल्याच दिवशी बंद करा. पालापाचोळा, बुडबुडे, सगळ्याचेच मासे करून दाखवतं ते. आणि कायाक नांगरलेली असताना कमानी (चालत्या कायाकखालचा मासा पडद्यावर असा बाकदार दिसतो) शोधू नका. झोतात थांबलेला मासा तेव्हा लांब आडव्या रेघेसारखा दिसतो.

तळ_आणि_तार
भोक नको. पॉलिथिलीनच्या एका थरातून ध्वनी जातो, अडतो तो हवेत. त्यामुळे आतून फोम असलेली जागा बाद.

चिकटवण्याआधी चाचणी करा. कायाक पाण्यात ठेवून आत दोन बोटं पाणी ओता, हॅचजवळच्या सपाट भागात ट्रान्सड्यूसर ठेवा आणि खोली पाहा. मग तोच बाहेर, त्याच जागी पाण्यात धरून पाहा. आकडे जुळले की जागा पक्की. आतला भाग वाळवा, पॉलिश पेपर मारा, स्पिरिटने पुसा, मरीन सिलिकॉनचा भरपूर लगदा घाला आणि ट्रान्सड्यूसर किंचित पिळत दाबा, म्हणजे हवा बाहेर निघते. 24 तास हलवू नका. एक बुडबुडा राहिला तरी चित्र फिकं पडतं. एवढं होईल की तापमान पाण्याचं न दिसता कायाकच्या बुडाचं दिसेल.

बाजूला दांडी लावून ट्रान्सड्यूसर सोडता येतो, पण खारफुटीच्या मुळांत अडकतो. कुंभारजुव्यात मगरी आहेत, तिथे तो सोडवायला पाण्यात हात घालणं नकोच.

बॅटरी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची पुरे. यंत्र साधारण पाव अँपिअर ओढतं. लेड-ॲसिड अर्धीच वापरली तरी 14 तास झाले. लिथियम फॉस्फेट महाग, पण वजन निम्म्याहून कमी. फ्यूज धन तारेवर, बॅटरीच्या जवळ हवा. खाऱ्या पाण्यात सगळ्यात आधी कनेक्टर कुजतो. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

खाडीकर
देव बरे करो. म्हणजे गोळा बाद? आणि पावसात गढूळ पाण्यात स्क्रीन ठिपक्यांनी भरते म्हणतात, त्याला उपाय?

गळवाला
काठावरून गळ टाकणाऱ्याला गोळा चांगला. कायाकमागे तो प्रवाहात भरकटतो, आणि उन्हात मोबाइलची स्क्रीन नीट दिसत नाही.

ठिपक्यांसाठी गेन (यंत्राची संवेदनशीलता) ऑटोवरून काढून एकेक पायरी खाली आणा. ठिपके जातील आणि तळाची रेघ टिकेल तिथे थांबा. खोलीची मर्यादाही हाताने 10 मीटरवर ठेवा. गोडं-खारं सेटिंग चुकलं तरी फरक दोन-तीन टक्क्यांचा, त्यात वेळ घालवू नका. घेताना मात्र खोक्यात ट्रान्सड्यूसर आहे ना ते बघा. काही विक्रेते नुसतं युनिट विकतात, किंमत म्हणूनच कमी दिसते.