लारावेलमधला सकाळी ६ चा टास्क साडेअकराला का चालतोय?

नमस्कार मंडळी, पिंपळगाव बसवंतकडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी लारावेलमध्ये (पीएचपी भाषेतलं वेब-ॲप बनवायचं फ्रेमवर्क) ॲप करतोय, त्यात रोज सकाळी ६ ला फवारणीचा मेसेज जायला हवा, लॅपटॉपवर नीट चालतं पण सर्व्हरवर टाकलं की मेसेज जातो साडेअकराला, तोवर शेतकरी फवारणी उरकून घरी आलेला असतो. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सर्व्हरची सोय) तर बरोबर वाटतोय. कोणी सांगेल का प्लीज

उत्तर १: टाइमझोन बघ भावा. लारावेलचा डिफॉल्ट यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो, आपण साडेपाच तास पुढे, म्हणून ६ चे साडेअकरा. त्या टास्कलाच 'एशिया/कोलकाता' टाइमझोन लाव. अख्ख्या ॲपचा बदलू नकोस, डेटाबेसमधल्या जुन्या वेळांचा घोळ होईल.

उत्तर २: वरचं बरोबर आहे. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) एकच ओळ ठेव, पाच स्टार, म्हणजे दर मिनिटाला लारावेलची शेड्यूल-रन कमांड, बाकी वेळा सगळ्या कोडमध्ये. आणि विदाउट-ओव्हरलॅपिंग (आधीचा टास्क चालू असताना तोच परत सुरू न होऊ देणारी सेटिंग) लावलं असशील तर कंसात मिनिटं दे, नाहीतर त्याचा लॉक (टास्क चालू असल्याची खूण) २४ तास राहतो, मधेच सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशीचा मेसेजपण गुपचूप गळू शकतो आणि एररही दिसत नाही. लॉक अडकलाच तर तो काढायला शेड्यूल-क्लिअर-कॅशे कमांड चालव. मेसेज मात्र क्यूमधून (मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेतून) पाठव, ऐन ऑक्टोबर छाटणीनंतर रोजच्या फवारण्या असतात, तेव्हा उशीर परवडत नाही.

प्रश्नकर्ता: टाइमझोनच होता! लॉकचं माहीतच नव्हतं, ३० मिनिटं टाकतो. दोन सर्व्हर झाले तर मेसेज डबल जातील का?

उत्तर २: हो जातील. ऑन-वन-सर्व्हर (टास्क एकाच सर्व्हरवर चालू देणारी सेटिंग) लाव, पण दोघांचा कॅशे (तात्पुरती साठवण, लॉक तिथेच असतो) एकच हवा, रेडिस चालेल.