‘रेझ द रेड लँटर्न’ तुम्ही कुठे, कुणासोबत पाहिलात?

चिनी दिग्दर्शक झांग यिमूंचा १९९१चा हा चित्रपट परवा पुन्हा पाहिला. या वेळी श्रेयनामावली नीट वाचली आणि थबकलो. गोष्ट चिनी (एका श्रीमंताच्या चार बायकांची; ज्या रात्री तो जिच्याकडे, त्या रात्री तिच्या अंगणात लाल कंदील), वाडा शान्शी प्रांतातला, पण पैसा हाँगकाँगच्या कंपनीचा आणि कार्यकारी निर्माते तैवानचे दिग्दर्शक हौ शाओ-श्येन! चीन आणि तैवानचं एकमेकांशी धड बोलणंही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. व्हेनिसला रौप्य सिंह मिळाला, ऑस्करचं नामांकन हाँगकाँगतर्फे मिळालं, चीनमध्ये मात्र काही काळ बंदी. आपल्याकडे तो कुणाकुणापर्यंत कसा पोचला, ते वाचायचंय. हातचं राखू नका.

सातारा : आजीसोबत, सीडीवर. तिला सबटायटल वाचता येईनात म्हणून मी मराठीत सांगत होते. पंधरा मिनिटांत म्हणाली, “तू गप बस, मला कळतंय.” तिच्या माहेरच्या वाड्यात चुलत्यांच्या दोन बायका. चुलते ज्या रात्री धाकटीकडे असायचे, त्या रात्री पानाचा डबा आधी तिच्या खोलीत जायचा. डब्याचं झाकण वाजलं की थोरली आपला दिवा मालवायची. सिनेमात जिच्या अंगणात कंदील लागतात, तिचे तळवे छोट्या हातोड्यांनी ठोकतात आणि तो आवाज बाकीच्या तिघींना ऐकू जातो. तिथे आजीने डोळे मिटून घेतले.

डोंबिवली : सू थोंग यांची मूळ कथा नंतर इंग्रजीतून वाचली. पानं उलटतोय, कंदील कुठेच नाहीत! ती झांग यांची भर. कथेत विहीर आहे, तीही अंगावर येते, पण माझ्या मनात कायमचे राहिले ते कंदीलच.

ठाणे, पूर्वी बीजिंग : नोकरीमुळे चीनमध्ये होतो तेव्हा जिथे चित्रीकरण झालं त्या छ्याव कुटुंबाच्या वाड्यात मुद्दाम गेलो. करड्या विटांच्या उंच भिंती, एका अंगणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पडद्यावर फक्त दोन-तीन अंगणं दिसतात असं वाटत होतं, प्रत्यक्षात वाट चुकलो. भर दुपारी, गर्दीत असूनही घाबरलो होतो. चौथ्या बायकोचा, एकोणीस वर्षांच्या सोंगल्यानचा (अभिनेत्री गाँग ली) चेहरा तिथे फार आठवला.

धागाकर्ता : सातारा, तुमच्या आजीच्या वाड्यातल्या थोरलीचं पुढे काय झालं?

सातारा : आजीला विचारलं. नव्वदीपर्यंत जगली म्हणे. धाकटी गेली, त्यानंतर तो डबा तिनेच जपला, रोज चिंचेने घासायची. पान मात्र कधी खाल्लं नाही.